आधी काही दिलंत का?

"आधी काही दिलंत का घरून?" स्टेथोस्कोप कानातून काढता काढता डॉक्टरांनी विचारलं आणि मी म्हटलं, "नाही." प्रश्न त्यांनी सवयीने विचारला होता आणि उत्तर मीही सवयीनेच दिलं. रिक्षावाल्याने "सुट्टे आहेत का?" विचारलं की आपण पर्स न उघडता देतो ना, तसं. स्टीलच्या टेबलावर बंडूची नखं करकरत होती, बाहेर आषाढातला पाऊस लागून राहिला होता आणि दवाखान्याच्या बाकावर ओल्या कुत्र्यांचा तो कुबट, उबदार वास भरला होता. त्या दिवशीचं बाकी बरंच काही आता विरून गेलंय. किती पैसे दिले, घरी कसे आलो, काही आठवत नाही. ते "नाही" मात्र भाताच्या घासात खडा लागावा तसं अजून मध्येच लागतं.

खरं म्हणजे सगळं सुरू झालं ते लंगडण्यापासून. बंडू सात वर्षांचा लॅब्रॅडॉर, चौतीस किलोंचा, खाण्याच्या बाबतीत निर्लज्ज आणि बाकी सगळ्या बाबतीत भिडस्त. रोज सकाळी आम्ही लॉ कॉलेज रोडच्या बाजूने टेकडीवर जायचो. एक दिवस उतरताना तो पुढचा डावा पाय जपून टाकायला लागला. मी खाली बसून बोटांच्या बेचक्या तपासल्या, सराटा वगैरे काही नव्हता. दुसऱ्या दिवशी ठीक. तिसऱ्या दिवशी लंगडला तो मागच्या उजव्या पायाने. नवरा म्हणाला, "नाटकं आहेत. कुठला पाय दुखत होता ते विसरला बघ." आम्ही दोघं हसलो. घरात आठवडाभर तो विनोद चालला, कुणी फोन केला की "आज कुठला पाय?" विचारायचं. पाय बदलत बदलत लंगडणं ही थट्टेची गोष्ट नसते, उलट ती नीट ऐकून घ्यायची गोष्ट असते, हे नंतर कळलं. तेव्हा आमच्या डोक्यात एवढंच की वय होतंय, वजन वाढलंय, पावसात हाडं धरतात. माणसांची सगळी निदानं आम्ही त्याला लावून बघितली.

शनिवारी रात्री त्याने पोळी नाकारली. बंडूने पोळी नाकारणं म्हणजे आमच्या घरात आणीबाणीच. थर्मामीटर लावला तर १०४. कुत्र्याचं अंग एरवीही आपल्यापेक्षा गरम, १०१ ते १०२.५ पर्यंत चालतं. पण हा आकडा बघून माझे हात गार पडले. दवाखाना बंद, रविवारीही बंदच, पाऊस धो धो. मी औषधांचा खण उघडला. आत बाबांची पट्टी होती, दोन महिन्यांपूर्वी त्यांची दाढ सुजली होती तेव्हाची. अँटिबायोटिक, अमॉक्सिसिलीन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल, दहातल्या चार गोळ्या शिल्लक. मी वजनाचा हिशोब केला, गोळी तुपात बुडवून पोळीच्या घडीत घातली आणि त्याचं तोंड उघडून घशाशी सारली. रविवारी दोन, सोमवारी सकाळी एक, अशा एकूण तीन. सोमवारी दुपारी ताप १०२ वर आला आणि मी कुणाला न सांगता स्वतःवर खूश झाले. बुधवारी ताप परत आला, पहिल्यापेक्षा चढा. गुरुवारी आम्ही त्या स्टीलच्या टेबलापाशी होतो.

आता माझं "नाही" का निघालं त्याचं.

मी पिंपरीच्या पेनिसिलीन कारखान्यातल्या माणसाची मुलगी आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. आम्ही नुसतं एच. ए. म्हणायचो, आणि कॉलनीसुद्धा एच. ए. कॉलनीच. १९५४ साली उभा राहिलेला तो कारखाना आमच्या घरात देव्हाऱ्याच्या बरोबरीने होता. बाबा फर्मेंटेशनला. पाळी करून आले की त्यांच्या शर्टाला आंबूस वास असायचा, आंबवलेल्या मक्याचा आणि वाफेचा. आई तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची. उंचच उंच टाक्यांमध्ये बुरशीला साखर, मक्याची मळी आणि हवा घालून कसं वाढवायचं हे आम्ही भावंडं जेवताना ऐकायचो. रात्रपाळीत टाकीतला फेस चढला की बाबांची त्रेधा उडायची. फेस टाकीबाहेर आला तर बाहेरचे जंतू आत शिरून अख्खा माल वाया. "एक फेस बसवला की निम्मी पाळी झाली," असं ते म्हणायचे. पिंपरीच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवाला शास्त्रज्ञांनी 'पिंपरिना' हे नाव दिलंय, हे तर ते पाहुण्यांना चहाआधी सांगायचे. आम्ही रबरी बुचाच्या रिकाम्या बाटल्यांनी दवाखाना-दवाखाना खेळायचो आणि आमच्या खेळातले पेशंटसुद्धा कोर्स पूर्ण करायचे.

कारण बाबांची ऑक्सफर्डच्या पोलिसाची गोष्ट. अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा पोलीस, १९४१ साल, चेहराभर पू झालेला, एक डोळा गेलेला. नुकतं कुठे चमचा-दोन चमचे तयार झालेलं पेनिसिलीन त्याला टोचलं, आणि चार-पाच दिवसांत माणूस उठून बसला, जेवायला लागला. औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून परत काढून त्यालाच पुन्हा टोचत होते. मग ते संपलं. जंतू पुन्हा उसळले आणि तो गेला. बाबा ही गोष्ट आमच्यापैकी कुणी गोळी चुकवली की सांगायचे, आणि शेवटी बोटाने ताटाची कड वाजवून म्हणायचे, "अर्धवट मारलेला शत्रू." आमच्या स्वयंपाकाच्या मावशी केमिस्टकडून तापाच्या दोनच गोळ्या आणतात म्हणून मी गेल्याच वर्षी त्यांना हीच गोष्ट ऐकवली होती, जरा जास्तच रंगवून. अशी मी डॉक्टरांना काय सांगणार, की खणातल्या उरलेल्या तीन गोळ्या कुत्र्याला चारल्या म्हणून?

डॉक्टर मात्र बंडूच्या छातीपाशी थांबले होते. उजवीकडे ऐकलं, मग डावीकडे कोपराच्या मागे. परत तिथेच. मग फाइल उलटून मागचं पान काढलं. एप्रिलमध्ये लसीसाठी आणलं होतं तेव्हा त्यांनीच लिहिलेलं होतं, 'नो मर्मर', म्हणजे हृदयाच्या ठोक्यांत जादा आवाज नाही. "आता आहे," ते म्हणाले. जन्मापासूनची किंवा म्हातारपणाची मर्मर वेगळी. तीन महिन्यांत नव्याने आलेली मर्मर, त्यात ताप आणि पाय बदलत लंगडणं, हे तिन्ही एका रेषेत आलं की त्यांना ते अजिबात आवडत नाही, असं म्हणाले. सांध्यातलं पाणी काढून तपासलं तर पांढऱ्या पेशी भरपूर, जंतू एकही नाही. म्हणजे सांध्यात जंतू गेले नव्हते. लढाई दुसरीकडे कुठेतरी चालू होती आणि तिच्या धुमाळीत शरीर आपल्याच सांध्यांवर उलटलं होतं. नुसता सांध्यांचा आजार असता तर स्टेरॉइड दिलं असतं, आणि इथे स्टेरॉइड म्हणजे जंतूंना मोकळं रान. नव्या मर्मरने आम्हाला त्यातून वाचवलं.

टू-डी एकोच्या खोलीत अंधार होता. टेबलाला मध्ये एक भोक, त्यावर बंडूला कुशीवर निजवलेलं, आणि मशिनचा तो दांडा खालून त्याच्या भादरलेल्या छातीला लावलेला. मी त्याचं डोकं धरून बसले होते. जेल गार असावी. दर वेळी त्याची कातडी थरथरायची, घोड्याची माशी बसल्यावर थरथरते तशी. पडद्यावर दोन पातळ पडदे मिटत-उघडत होते. डाव्या बाजूची मायट्रल झडप. एक पडदा मिटताना स्वच्छ मिटायचा. दुसऱ्याच्या कडेला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखं काहीतरी चिकटलं होतं आणि दर ठोक्याला ते इकडून तिकडे डोलत होतं. मग डॉक्टरांनी एक बटण दाबलं आणि रंग आले. जे रक्त पुढे जायला हवं त्यातलं बरंचसं निळ्या-पिवळ्या फवाऱ्यासारखं मागे उसळत होतं. मला लाज वाटते सांगायला, पण क्षणभर ते सुंदर दिसलं.

एन्डोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या झडपेला जंतूंचा संसर्ग. झडपेच्या अस्तराला कुठे बारीकसा ओरखडा पडला की तिथे रक्त गोठवणाऱ्या पेशी जमतात. त्याच वेळी रक्तातून जंतू वाहत येत असले तर ते त्या जाळ्यात अडकतात, त्यावर पुन्हा थर बसतो, पुन्हा जंतू. आत रक्तवाहिनी नाही, त्यामुळे शरीराचे शिपाई तिथे पोचत नाहीत आणि औषधालाही बाहेरून झिरपत झिरपतच जावं लागतं. म्हणून आठवडेच्या आठवडे औषध. संध्याकाळी बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच ओळखलं. "गोळा झाला की आतल्याला काही पोचत नाही," ते म्हणाले. "टाकीत बुरशीच्या गाठी झाल्या की आतली हवेवाचून मरायची. इथे नेमकं उलटं, आतला जगतो." चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, पण डोळे चमकले होते. मला त्यांचा राग आला आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकाच श्वासात.

जंतू शिरले कुठून, यावर घरात आठवडाभर परिसंवाद झाला. नवऱ्याचं मत दातांवर. बंडूच्या दाढांवर कीट होतं, आणि ते साफ करायचं मीच दोन वर्षं ढकलत होते. मला वाटे, जूनमध्ये खाणीपाशी त्याचं नख उपटलं होतं ती जखम. मुलीने बंगळुरूहून फोनवर गोचिडांचा पक्ष मांडला. डॉक्टरांनी तिघांचंही ऐकून घेतलं आणि म्हणाले, कातडी, लघवीची वाट, दात, काहीही असू शकतं. बरेचदा दार सापडतच नाही. दातांचं माणसांत जितक्या ठामपणे बोलतात तितकं कुत्र्यांत बोलता येत नाही, असंही म्हणाले. नवऱ्याला ते फारसं पटलं नाही. त्याला दोषी सापडायला हवा होता. मला नको होता.

कल्चरसाठी, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखण्यासाठी, तीन वेगवेगळ्या शिरांतून, मध्ये वेळ सोडून, रक्त घेतलं. मग पुढच्या पायात सुई, गुलाबी पट्टी, दोन अँटिबायोटिक्स शिरेतून. त्यातलं एक किडनीला जड, आणि किडनी आधीच धोक्यात. लघवीत प्रथिनं जात होती. म्हणून सलाइन, पण सलाइन जास्त झालं तर गळणाऱ्या हृदयावर भार. डॉक्टर रोज त्या दोन टोकांच्या मधून वाट काढत होते आणि मी रोज सकाळ-संध्याकाळ दवाखान्याच्या बाकावर बसून पुढे काय काय होऊ शकतं त्याची उजळणी करत होते, कारण त्यांनी ते एकदाच, पण स्पष्ट सांगितलं होतं. तुऱ्याचा तुकडा सुटला तर तो रक्ताबरोबर कुठेही जाईल; किडनी, प्लीहा, मेंदू, पाय. ठोका चुकायला लागू शकतो. आणि जंतू सगळे मेले तरी कुरतडलेली झडप काही परत शिवली जात नाही. शेवटी बहुतेकांना नेतं ते हृदय थकणं, फुप्फुसांत पाणी होणं. "मायट्रल आहे म्हणून महिन्यांची भाषा करतोय," ते म्हणाले होते. "महाधमनीची झडप असती तर दिवसांची केली असती."

पाचव्या दिवशी कल्चरचा रिपोर्ट आला. काहीच उगवलं नव्हतं.

डॉक्टर रिपोर्ट हातात धरून स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होते. गोचीड-पिसवांमधून पसरणारा बार्टोनेला नावाचा एक जंतू असतो, तो नेहमीच्या कल्चरमध्ये सहसा उगवत नाही. तो असेल तर औषधांचा विचार वेगळा करावा लागेल, अजून एक तपासणी पाठवू का... मी समोर बसले होते. माझ्या मांडीवर बंडूचा पट्टा होता, मी त्याचं बक्कल उघडत-लावत होते. हा माणूस माझ्या एका शब्दावर विसंबून चुकीच्या गल्लीत वळतोय, हे मला दिसत होतं. "डॉक्टर," मी म्हटलं, "मी तीन गोळ्या दिल्या होत्या." कुठल्या, किती, कधी, सगळं सांगितलं. त्यांनी पेन उघडलं, लिहून घेतलं. रागावले नाहीत. कल्चरच्या आधी अँटिबायोटिक पोटात गेलं की जंतू पुरते मरत नाहीत, पण बाटलीत उगवायला नकार देतात, एवढं सांगितलं आणि मग अंदाजानेच, पण सगळ्या शक्यता झाकल्या जातील अशी औषधं पुढे चालू ठेवली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, हे मला घरी येईपर्यंत वाटत होतं.

बाबा व्हरांड्यात पेपर वाचत होते. त्यांनाही सांगितलं.

"कुठल्या गोळ्या?"

"तुमच्या दाढेच्या. खणात होत्या चार."

पेपर खाली आला. बराच वेळ ते समोरच्या कडुलिंबाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी सहाच घेतल्या." आणि थोड्या वेळाने, "दुखायची थांबली होती गं." ऑक्सफर्डचा पोलीस त्यानंतर आमच्या घरात कुणी काढला नाही.

दोन आठवड्यांनी बंडू घरी आला, आणि तिसऱ्या रात्री पहाटे त्याच्या कण्हण्याने जाग आली. मागचा उजवा पाय तो ओढत होता. पंजा हातात घेतला तर गार. नुसता थंड नव्हे, फरशीसारखा गार. दुसऱ्या पायाचा पंजा नेहमीसारखा भाकरीएवढा गरम. बोटांखालच्या गाद्या निळसर पडलेल्या. मांडीच्या आतल्या बाजूला नाडी लागते, ती एका बाजूला टणाटण उडत होती आणि दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. सुटलेल्या तुकड्याने पायाची वाट अडवली होती. रक्त पातळ करायची गोळी द्यावी की नाही यावर डॉक्टर घुटमळले, कारण असल्या आजारात तीच गोळी मेंदूत रक्तस्राव करू शकते. शेवटी नाहीच दिली. दुखणं कमी करणारी औषधं, उबदार कांबळं आणि वाट बघणं. मी चार रात्री तो पंजा हातात धरून बसले. पाचव्या दिवशी तो कोमट वाटला. मला वाटलं आपल्याच हाताची ऊब असेल, म्हणून हात काढून पंधरा मिनिटं थांबले आणि मग परत लावला. कोमटच होता.

मग श्वास मोजायचं काम आलं. कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती वर-खाली झाली की एक, असे मिनिटाला किती ते मोजायचे. तीसच्या आत ठीक, वर चढायला लागले की फुप्फुसांत पाणी भरतंय समजायचं. वही वगैरे काढायचा माझा स्वभाव नाही. कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांच्या शेजारीच आकडे लिहायला लागले. २२, २४, २२. नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू झाला होता आणि संध्याकाळी तो आवाज आमच्या खिडकीपर्यंत यायचा. मोजताना माझा आकडा ढोलाच्या ठेक्यावर घसरायचा आणि परत पहिल्यापासून मोजावं लागायचं. गणेश चतुर्थीच्या चौकोनात २६ आहे. बंडूने त्या दिवशी उकडीचा मोदक खाल्ला, नियम मोडून. अनंत चतुर्दशीला २५. आठ आठवड्यांचं औषध एकही गोळी न चुकता पूर्ण झालं, त्या तारखेभोवती बाबांनी लाल पेनाने गोल केलाय. परत केलेल्या एकोमध्ये तुरा आक्रसून दाण्याएवढा झाला होता, ताप नव्हता, लंगडणं नव्हतं. जंतूंशी आम्ही जिंकलो होतो असं म्हणायला हरकत नाही. गळणारी झडप तशीच होती. माणसाची बदलतात, आमच्या दवाखान्यात तो विषयच निघाला नाही.

दिवाळीनंतर आकडे चढायला लागले. ३२. लघवीची गोळी सुरू झाली. मग तो भांडंभर पाणी प्यायचा आणि रात्री दारापर्यंत पोचायचा नाही, आणि मला पुसताना बघून कोपऱ्यात जाऊन उभा राहायचा. भिडस्तपणा शेवटपर्यंत गेला नाही. टेकडी बंद झाली होती, तरी संध्याकाळी पायथ्यापर्यंत नेलं की तो वर बघून नाक हलवायचा, गिरिपुष्पाच्या ओल्या पाल्याचा वास घेत असावा, आणि आपणहून घरी वळायचा. डिसेंबरात गोळीचा डोस दोनदा वाढवला. पौषातल्या एका रात्री मी ५२ मोजले, लिहिले मात्र नाहीत. तो चौकोन कोरा आहे. पहाटे नवऱ्याने गाडी काढली, पण आम्ही कर्वे रस्त्याला लागेपर्यंत मोजायला काही उरलं नव्हतं.

तीन गोळ्यांनी फरक पडला असता का, हे मी डॉक्टरांना एकदा सरळ विचारलं. जंतूचं नाव कळलं असतं तर नेमकं औषध देता आलं असतं, ते म्हणाले, पण झडप तोवर गेलीच होती. हे खरं असेल. मला बरं वाटावं म्हणूनही म्हणाले असतील. मी दोन्ही जपून ठेवलंय, दिवस बघून एकेक काढते.

मागच्या महिन्यात कपाट आवरताना बंडूची फाइल निघाली. एकोचे गुळगुळीत फोटो, पावत्या, लघवीचे रिपोर्ट, आणि सगळ्यात वर त्या गुरुवारचं पान. डॉक्टरांचं अक्षर वाचायला मला चष्मा बदलावा लागला. वजन चौतीस, ताप १०४.२, नवी मर्मर, डावीकडे. खाली 'प्रायर अँटिबायोटिक्स', त्यापुढे 'निल'. आणि त्या 'निल'पुढे, त्याच शाईत, एक बारीकसं प्रश्नचिन्ह.